वरून मी कसा दिसतो

महादेवरावांना तेहतीस वर्षांपासून एकच प्रश्न पडलेला होता आणि त्याचं उत्तर देईल असा माणूस अख्ख्या मूर्तिजापूर तालुक्यात नव्हता.

त्याचं असं झालं. महादेवराव बावीस-तेवीस वर्षांचे असताना त्यांच्या शिवारात कपाशीवर औषध मारायला हेलिकॉप्टर आलं होतं. वरून फवारा मारायचा तर खाली वावरात कुणीतरी झेंडी घेऊन उभं राहावं लागतं, म्हणजे पायलटला कळतं की हा पट्टा झाला, आता पुढचा. गावातल्या चार पोरांना ते काम मिळालं. बांबूच्या टोकाला पांढरं धोतर बांधायचं, धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर उभं राहायचं, ते धूड सरळ अंगावर चालून आलं तरी जागचं हलायचं नाही, आणि पायलटची हनुवटी दिसली की वारा जिकडून येतो त्या बाजूला ठरलेली पावलं मोजून सरकायचं. तिघेजण पहिल्याच दिवशी झेंड्या टाकून पळाले. महादेवराव तीन हंगाम उभे राहिले. औषधाचा वास दिवाळीपर्यंत अंगातून जायचा नाही. शेवटच्या दिवशी त्यांनी धीर करून पायलटला विचारलं, "साहेब, वरून मी कसा दिसतो?" पायलट परमुलखातला, त्याला मराठी कुठलं यायला! तो हसला, त्यानं खिशातून पेपरमिंटच्या दोन गोळ्या काढून ह्यांच्या हातावर ठेवल्या आणि उडून गेला.

ही गोष्ट महादेवरावांनी इतक्या वेळा सांगितली होती की ती पाहुण्यारावळ्यांनाही तोंडपाठ झाली होती. "तेहतीस वर्सं झाले," त्यांची बायको जमुना म्हणायची, "अन् हे अजून त्याच गोळ्या चघळून राह्यले." सगळे हसायचे. हसायची नाही ती एकटी रागिणी, त्यांची मुलगी. लहानपणी ती अंगणात मान वर करून घारीकडे बघत बसायची. तिला वाटायचं, हिला ठाऊक असणार बाबा कसे दिसतात ते. घार सांगत नाही, एवढंच.

रागिणी मोठी झाली, बी.कॉम. झाली आणि अकोल्याला नोकरीला लागली. नोकरी कुठे, तर शिवणीच्या धावपट्टीवर. एका कंपनीनं तिथे हेलिकॉप्टर शिकवायची शाळा काढली होती. शाळा म्हणजे पत्र्याची एक शेड, दोन खोल्या आणि दोन माणसं जेमतेम मावतील असं एक पिटुकलं हेलिकॉप्टर. त्या वर्षांत वऱ्हाडात हेलिकॉप्टर म्हटलं की लोकांना एकच ठाऊक होतं. कापसाला भाव नाही, गावोगावी वाईट बातम्या, आणि मग कुणीतरी मोठा माणूस वरून उतरणार, दहा मिनिटं थांबणार आणि धूळ उडवून जाणार. त्यामुळे ह्या पिटुकल्याची फडफड ऐकली तरी आसपासचे लोक निवेदनं घेऊन कुंपणाशी उभे राहत. देवमन नावाचे गृहस्थ तर दर आठवड्याला हजर. त्यांच्या शिवारातली डीपी, म्हणजे विजेचा ट्रान्सफॉर्मर, जळाली होती. विहिरीत पाणी होतं, पण वीज नाही म्हणून मोटर बंद.

"आज तरी साहेब हायेत का?" ते विचारायचे.

"काका, इथं साहेब येत नाहीत. इथं उडवायला शिकतात."

"मंग शिकून झाले की येतीनच ना," असं म्हणून देवमन कागद तिच्या टेबलावर ठेवून जायचे. रागिणीनं त्यांतला एकही कागद फेकला नाही. महिन्याअखेरीस सगळे एकत्र टाचून ती स्वतः वीज कचेरीत नेऊन द्यायची आणि पोच घ्यायची.

बाई अशी चिवट होती. शाळेच्या मालकांनी तिला नोकरीवर घेताना हसत हसत म्हटलं होतं, "तीन वर्षं टिकलात तर तुम्हालाही उडवायला शिकवू." रागिणीनं ते वाक्य त्याच दुपारी कंपनीच्या कागदावर टाइप केलं, त्यांच्यापुढे सहीला ठेवलं आणि खाली शिक्का मारला. शिक्का तिच्याच ड्रॉवरमध्ये असायचा. मालक बिचारे सह्या करताना वाचणाऱ्यातले नव्हते.

तीन वर्षं भरली ती २००५ च्या पावसाळ्यात. तिनं कागद पुढे केला, मालकांनी डोक्याला हात लावला, पण शब्द पाळला. उड्डाणाचे पंचेचाळीस तास मंजूर झाले. त्याच आठवड्यात दुसरी बातमी आली, की शाळेला विद्यार्थी मिळत नाहीत, तेव्हा फेब्रुवारी संपला की हेलिकॉप्टर हैदराबादला जाणार. म्हणजे सरळ हिशेब असा होता: फेब्रुवारीच्या आत खाजगी पायलटचं लायसन मिळालं तर मिळालं. मार्चमध्ये शिवणीच्या धावपट्टीवर फक्त गवत उरणार होतं.

डॉक्टरी तपासणी झाली. नियम, हवामान, नकाशे ह्यांचे पेपर तिनं फटाफट सोडवले. तीन वर्षं तीच पुस्तकं तिच्या कपाटात पडून होती आणि ती वाचल्याशिवाय राहणाऱ्यातली नव्हती. मग शिकवणी सुरू झाली. शिकवायला होते कॅप्टन हसनैन. मूळचे अचलपूरचे, उभा जन्म लष्करात हेलिकॉप्टर उडवण्यात गेलेला, मिशा पांढऱ्या, शब्द मोजके. एरवी छापील मराठी बोलायचे, पण डोकं फिरलं की अचलपूर बाहेर यायचं.

आणि ते लवकरच बाहेर आलं. हेलिकॉप्टर पुढे नेणं रागिणीला चार दिवसांत जमलं. जमेना ते थांबवणं. जमिनीपासून पाच फुटांवर, हवेत, एका जागी थांबायचं, ह्याला हॉवर म्हणतात आणि ज्याला हॉवर येत नाही त्याला हेलिकॉप्टर येत नाही. उजव्या हातात एक दांडा, तो जिकडे कलवाल तिकडे ते कलतं. डाव्या हातात दुसरा, उचलला की वर, दाबला की खाली. दोन पाय दोन पेडलांवर, नाक वळवायला. ह्यांतलं एक हललं की बाकीची दोन बिघडतात. रागिणी डोळे फाडून समोरच्या गवताकडे बघत बसायची. जरा कुठे उजवीकडे सरकलं की दांडा डावीकडे खेचायची, की ते डावीकडे पळायचं, की ती उजवीकडे खेचायची. दोन मिनिटांत त्या पिटुकल्याचा पाळणा व्हायचा आणि कॅप्टन आपला हात घालून तो थांबवायचे.

"रागिणीबाई," ते एक दिवस ओरडले, "कासरा काहून वढून राहिल्या तुमी? हे काय बैल हाय?"

तिला वाईट वाटलं, कारण ते खरं होतं. लहानपणापासून बैलगाडीचा कासरा ह्याच हातांनी धरलेला. बैल बिचकला की ओढायचं, वळला की सोडायचं, हे हातात इतकं मुरलेलं की डोक्याला न विचारता हात ओढायचा. तेरा तास झाले तरी तेच. दसऱ्यानंतर कॅप्टननी तिला शेडमध्ये बसवलं, चहा दिला आणि छापील मराठीत म्हणाले, "दिवाळीपर्यंत हॉवर आला तर पुढे जाऊ. नाही आला तर मी वहीत 'जमणार नाही' असं लिहीन. मला तसं लिहायला आवडणार नाही. पण ज्याला थांबता येत नाही त्याला मी एकटं वर सोडत नाही." रागिणी चहा न पिता उठली. रडू आलं नाही.

त्या रविवारी ती गावी गेली, कारण हरभऱ्याची पेरणी होती आणि जमुनाची कंबर धरलेली होती. तिफणीला, म्हणजे तीन दातांच्या पेरणीच्या अवजाराला, दोन माणसं लागतात. एक बैल हाकतो. दुसरा मागून चालत चाड्यावर मूठ धरतो. चाडं म्हणजे तिफणीवरची लाकडी वाटी, तिच्यातून बी नळ्यांवाटे जमिनीत जातं. मूठ गच्च धरली तर ओळ रिकामी जाते, सैल सोडली तर बी एका जागी सांडतं. बोटांमधून बी सारखं झिरपत राहावं लागतं, आणि हे वाकड्यातिकड्या ढेकळांवरून चालता चालता. जमुनाची मूठ गावात नावाजलेली, आणि रागिणीनं ती आईकडूनच उचललेली.

महादेवराव पुढे बैल हाकत होते, रागिणी मागून चालत होती आणि चालता चालता सगळं सांगत होती. हॉवर, पाळणा, कासरा, दिवाळी.

"सरकलं की वढावंच लागते ना, बाबा. नाई तं जाईन ना ते भलतीकडं."

महादेवरावांनी बैल थांबवले. मागे वळून त्यांनी नुकत्याच पडलेल्या तासांकडे, म्हणजे पेरणीच्या ओळींकडे, पाहिलं. तिन्ही ओळी सुतासारख्या सरळ.

"आता बोलता बोलता तू पाहत कुठं होती?"

"आता? तिकडं." पलीकडच्या धुऱ्यावर एक बाभूळ होती. तास सरळ यावं म्हणून पेरणारा नेहमी तिच्याकडेच बघतो.

"मुठीकडं पाह्यलं का?"

"मुठीकडं काहून पाहू?"

"मंग बी कोणं सोडलं?"

रागिणीनं आपल्या हाताकडे बघितलं. मुठीत अजून हरभरे होते. "सुटून राह्यलं होतं आपलं आपण," ती म्हणाली.

"हां," महादेवराव म्हणाले. "कासरा माह्या हातात हाय, पोरी. तुह्या हातात मूठ हाय. मंग वर गेल्यावर माहं काम काहून करतं? तुहं कर ना. मूठ धर, अन् नजर बाभयीवर ठेव." एवढं बोलून त्यांनी बैल हाकले, कारण दिवस मावळायच्या आत अर्धं वावर उरकायचं होतं.

मंगळवारी सकाळी शिवणीला वारा पडलेला होता. रागिणी हेलिकॉप्टरमध्ये बसली, पट्टे आवळले. कॅप्टननी ते जमिनीपासून पाच फूट उचललं आणि म्हणाले, "घ्या." तिनं गवताकडे बघितलं नाही. धावपट्टीच्या पलीकडे, लांब, पाण्याची एक उंच टाकी होती. तिच्यावर नजर ठेवली. उजव्या हाताची बोटं सैल केली, इतकी की दांडा बोटांत असून नसल्यासारखा. आतून हात म्हणत होता, ओढ. ती त्याला म्हणाली, हरभरा आहे. सोड, पण सांडू नको.

आणि ते थांबलं.

डोक्यावर पाती गरगरत होती, खाली गवत चोहोबाजूंनी झोपत होतं, सगळं जग थरथरत होतं आणि मधोमध ती नुसती होती. कशाला टेकलेली नाही. कुठे चाललेली नाही. कुठली दोरी वरून धरलेली नाही, कुठला खांब खालून लावलेला नाही. सत्तावीस वर्षं ती जमिनीवर चालली, बसली, झोपली. जमीन पायाखालून गेली तर माणूस पडतो एवढंच तिला माहीत होतं. माणूस पडत नाही. हात सैल ठेवला तर हवा त्याला धरते. हे कुणी कधी सांगितलंच नव्हतं, आणि सांगितलं असतं तरी तिनं ते खरं मानलं नसतं.

कॅप्टन हसनैननी आपला हात मांडीवर ठेवला होता. एक मिनिट गेलं, दोन गेली. "सुभानल्लाह," ते पुटपुटले, आणि मग घसा खाकरून म्हणाले, "कुणी शिकवलं?"

"आईच्या चाड्यानं, सर."

कॅप्टनना चाडं ठाऊक होतं.

मग गाडी रुळावर आली. डिसेंबरात ती एकटी उडाली. कॅप्टन खाली उतरले, दार लावलं, पाठ फिरवून चालायला लागले, आणि शेजारची रिकामी खुर्ची घेऊन ती धावपट्टीला तीन फेऱ्या मारून आली. जानेवारीत इंजिन बंद पडलं तर पात्यांच्या नुसत्या फिरण्यावर खाली कसं उतरायचं ते झालं. आता राहिली होती एकच मोठी गोष्ट: एकटीनं अकोल्याहून अमरावतीजवळच्या बेलोऱ्याच्या धावपट्टीवर जायचं, उतरायचं, परत यायचं. वाटेत मूर्तिजापूरच्या वर ठरल्या वेळी पोचायचं आणि ती वेळ वहीत लिहायची. हे झालं की पंचवीस तारखेला परीक्षक येणार, आणि अठ्ठावीसला हेलिकॉप्टर जाणार. वाट चुकून माघारी यावं लागलं तर पुन्हा जायला मंजूर तासच शिल्लक नव्हते.

नकाशावर तिनं पेन्सिलीनं सरळ रेघ मारली तेव्हा ती जरा वेळ बघतच राहिली. रेघ मूर्तिजापूर स्टेशनच्या किंचित उत्तरेकडून, बरोबर त्यांच्या वावरावरून जात होती.

हे तिनं घरी सांगितलं, आणि सांगायला नको होतं असं तिला लगेच वाटलं. महादेवराव ताडकन उठले. "कोन्त्या दिवशी? किती वाजता? झेंडी घेऊन उभा राह्यतो."

"वीस तारखेले, सव्वाआठले. पण बाबा, मी हजार फुटांवर असणार. उतरणार नाई, थांबणार नाई. काई दिसत नाई तितक्या वरून."

"थे मी पाह्यतो. झेंडीवाला मी हावो का तू?"

"तितक्या वरून झेंडी काय दिसते, कप्पाळ!" जमुना चुलीपासून म्हणाली. "माही परात घ्या. राखेनं घासून देतो. उन्हात चमकली तं डोये दिपतीन तिचे."

बाप हसला, लेक हसली. परातीचा विषय तिथेच संपला असं रागिणीला वाटलं.

वीस फेब्रुवारीला सकाळी आठ वाजता ती शिवणीहून उठली. उत्तरेला क्षितिजावर गाविलगडचे डोंगर निळ्या रेघेसारखे होते, उजव्या हाताला खाली रेल्वेचे रूळ चमकत होते, आणि मध्ये तिचं वऱ्हाड पसरलेलं होतं. ती जन्मभर त्याच्यात राहिली होती आणि आज ते पहिल्यांदा तिला दिसत होतं. काळी वावरं, एकाला एक लागून, कुठे तुरीचा भुरा रंग, कुठे गव्हाचा हिरवा. आणि विहिरी! इतक्या विहिरी आहेत हे तिला माहीतच नव्हतं. प्रत्येकीच्या तळाशी आभाळाचा एक गोल तुकडा, आणि ती पुढे सरकेल तसा तो एकेकीत उजळून विझत होता. ह्या मुलखाबद्दल गेली काही वर्षं पेपरात जे छापून येत होतं ते सगळं खरंच होतं. पण हेही खरं होतं, आणि हे कुणी छापलं नव्हतं. तिला हात जोडावेसे वाटले. हात रिकामे नव्हते म्हणून राहिलं.

मग धूर आला. कापूस वेचून झाला की उभ्या काड्या, म्हणजे पऱ्हाटी, उपटून जाळतात. त्या साली कंटाळलेल्या लोकांनी ती लवकरच उपटली होती आणि सकाळच्या थंड हवेत दहा गावांनी एकदम पेटवली होती. धूर वर जाईना, आडवा पसरला. आधी डोंगर गेले, मग रूळ गेले. वारा दक्षिणेकडून सुटला होता आणि तो तिला हळूहळू उत्तरेला ढकलत होता, पण हे कळायला खाली ओळखीचं काहीतरी दिसायला हवं. आठ पंधराला मूर्तिजापूर यायला हवं होतं. आलं नाही. आठ सोळा. आठ सतरा. खाली नुसती काळी वावरं, आणि काळं वावर दुसऱ्या काळ्या वावरासारखंच दिसतं. आपल्याच तालुक्यात, जिथली धूळ खाऊन मोठी झाली तिथे, रागिणी हरवली होती.

ती वाकून खाली बघू लागली, हे गाव कुठलं, तो रस्ता कुठला. हेलिकॉप्टर डुलायला लागलं. तेव्हा तिच्या ध्यानात आलं, की तिनं दांडा गच्च आवळला आहे आणि कासरा ओढायला सुरुवात केली आहे. "मूठ," ती मोठ्यानं म्हणाली. ऐकायला कुणी नव्हतं. तिनं बोटं सैल केली. मान वर केली. नजर लांब, जिथे बाभूळ असती तिथे.

आणि उजवीकडे, लांब, धुराच्या खालच्या कडेला काहीतरी लखकन चमकलं. विझलं. पुन्हा चमकलं. विहीर अशी चमकत नाही. विहीर एकदाच उजळते. हे मात्र थांबून थांबून, कुणीतरी हातानं हलवावं तसं चमकत होतं.

तिनं नाक तिकडे वळवलं. दीड मिनिटात खाली हरभऱ्याचं पिवळं पडत आलेलं वावर आलं. तीन-तीनच्या ओळी, ह्या धुऱ्यापासून त्या धुऱ्यापर्यंत सरळ, आणि एका ठिकाणी ओळीला जरासं कुबड. तिथे बाबांनी बैल थांबवले होते. धुऱ्यावर पांढरा ठिपका होता, त्याच्याशेजारी लुगड्याचा हिरवा ठिपका, आणि त्या हिरव्या ठिपक्याच्या डोक्यावर परात. त्यापलीकडे, उजव्या हाताला, मूर्तिजापूरचं स्टेशन, मोठे रूळ आणि त्यांच्यापासून फुटलेले शकुंतलेचे, म्हणजे छोट्या गाडीचे, अरुंद रूळ. सगळं जागच्या जागी होतं. रागिणीनं वहीत लिहिलं: आठ एकोणीस.

ती त्यांच्या डोक्यावरून गेली. हजार फुटांवरून, न थांबता, नियमाप्रमाणे. पण तेवढ्या चार-पाच क्षणांत तिनं जे बघायचं ते बघून घेतलं, आणि मग बेलोऱ्यापर्यंत तिला समोरचं नीट दिसावं म्हणून दोनदा डोळे पुसावे लागले.

परत आल्यावर कॅप्टननी वही चाळली. "चार मिनिटं उशीर?"

"हरवले होते, सर." तिला खोटं बोलता येत नसे, आणि शिकायची इच्छाही नव्हती.

"मग सापडलं कशानं?"

"आईच्या परातीनं." आणि तिनं सगळं सांगितलं. कॅप्टननी ऐकून घेतलं, चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. नियमांच्या पुस्तकात परातीबद्दल काही नव्हतं, ना बाजूनं ना विरोधात. त्यांनी शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं: 'वाट चुकल्यावर घाबरून न जाता जमिनीवरच्या खुणेवरून मार्ग शोधला.' खाली सही केली.

पंचवीसला परीक्षक आले, कोरड्या चेहऱ्याचे. त्यांनी तिला हवेत वळवलं, उतरवलं, इंजिनाची ताकद अचानक काढून घेतली, आणि शेवटी म्हणाले, "हॉवर." तिनं पाण्याच्या टाकीकडे बघितलं. पाच मिनिटं ते दोघे हवेत असे थांबले की परीक्षकांनी घड्याळात बघितलं आणि विचारलं, "इतकं स्थिर कसं काय?" ती म्हणाली, सवय आहे. पास झाली.

अठ्ठावीसला हेलिकॉप्टर गेलं. कुंपणाशी देवमन उभे होते. त्यांची डीपी संक्रांतीला बसली होती, तरी ते सवयीनं आले होते. "साहेब आले नाईच शेवटपर्यंत," ते म्हणाले, आणि मग तिच्याकडे बघून हसले.

लायसन दिल्लीहून टपालानं यायला एप्रिल उजाडला. ह्या दीड महिन्यात महादेवरावांनी तिला त्या दिवसाबद्दल एका शब्दानं विचारलं नाही. ती सांगायला गेली की हात वर करायचे: "आत्ता नाई." जमुनाला वाटलं, म्हातारा रुसला. पण तसं नव्हतं. रागिणीनं तो कागद ओट्यावर त्यांच्या हातात ठेवला, तेव्हा त्यांनी आधी हात धुतले, मग तो दोन्ही बाजूंनी बघितला, फोटो बघितला, शिक्क्यावरून बोट फिरवलं. आणि उभे राहिले. डोक्यावरची टोपी सारखी केली.

"आता पक्क्या पायलटले इचारतो," ते म्हणाले. "साहेब, वरून मी कसा दिसतो?"

"तुमी दिसत नाई, बाबा," ती म्हणाली. "माणूस दिसतच नाई वरून. एक ठिपका असते फक्त. दिसते थे तुमची सावली. सकायची, लांबच लांब, तीन माणसांएवढी. आख्ख्या वावरात तेवढी लांब दुसरी नव्हती. मले थेच दिसली."

जमुना परात पुसत दारात येऊन थांबली होती.

"हालली तं नाई ना सावली?" महादेवरावांनी विचारलं.

"रतीभर नाई, बाबा."

"मंग बरोबर," महादेवराव म्हणाले, आणि टोपीनं डोळे पुसत बैलांना पाणी दाखवायला गेले.